काळ्या सैतानाची जेवायची वेळ

टेंबे मॅनेजरांनी तो काळा मुखवटा पुढ्यात टाकला तेव्हा आदगोंडाआण्णा लोणी कढवत बसला होता.

"हा डोक्यात घालून बघ," मॅनेजर म्हणाले.

आण्णानं एकदा मुखवट्याकडं बघितलं, एकदा पातेल्याकडं. "तूप करपंल. जरा दम धरा."

"दम धरायला वेळ नाही. मॅकला गालगुंड झालंय."

मी शेजारी बसून बदाम सोलत होतो. हातातला बदाम हातातच राहिला.

ही गोष्ट पिनांगची. मद्रासहून आगबोटीनं आठवडाभर गेलं की मलाया देशातलं हे बेट लागतं. साठ-बासष्ट सालच्या सुमाराला कुस्तीचे खेळ लावणारी माणसं पैलवानांना बोटीत घालून देशोदेशी हिंडवायची. टेंबे मॅनेजर त्यातलेच. मूळचे मिरजेकडचे, उमेदीची सगळी वर्षं सर्कशीत गेलेली. सर्कस बुडाली, वाघ-सिंह विकले गेले, आणि उरलेल्या पिंजऱ्यांत काय घालावं याचा विचार करता करता त्यांना पैलवान सुचले असावेत. आम्हांला ते जनावरांइतक्याच प्रेमानं वागवायचे. रोज सकाळी जीभ बघायचे.

आता, तो खेळ म्हणजे आपली कुस्ती नव्हे. दोरखंड बांधलेला चौथरा, त्यावर गादी, आणि कुणी कधी पडायचं हे आधी ठरवून केलेली मारामारी. हे मला बोट सुटल्यावर कळलं. मी मॅनेजरांना म्हणालो, बोट माघारी फिरवा. ते म्हणाले, "अरे, नाटक आहे ते. नाटकात मेलेला नट घरी जाऊन पिठलंभात खातोच की."

"खाऊ दे. मी पाठ टेकणार न्हाई."

कारण माझी पाठ माझ्या एकट्याची नव्हती. मी चोवीस वर्षांचा होतो आणि तोवर मला कुणी आस्मान दाखवलं नव्हतं. बालेचांद वस्तादांनी परदेशी जायला परवानगी दिली ती एकाच अटीवर. तालमीच्या उंबऱ्यावर उभं करून ते म्हणाले होते, "जा भिवा, दुनिया बघून ये. पर पाठ कोरी घिऊन ये. परक्यानं पाडलं तर ह्यो उंबरा वलांडायचा न्हाई." आणि नुसत्या शब्दावर भागणार नाही म्हणून त्यांनी माझ्याबरोबर आदगोंडा मगदूम धाडला.

आण्णा माझा थोरला गुरुभाऊ. पंचेचाळिशीचा, शिरोळकडचा जैन. माझा स्वयंपाक, माझं मालिश आणि माझ्या पाठीवर पहारा, अशी तीन कामं त्याच्याकडं होती. मांसमच्छी तर सोडाच, दिवस मावळल्यावर तो पाण्याशिवाय काही घ्यायचा नाही. आगबोटीवर रोज संध्याकाळी ताट घेऊन डेकवर बसायचा आणि सूर्याकडं बघत, त्याच्याशी शर्यत लावल्यासारखा भराभर जेवायचा. खलाशी पैजा लावायचे.

मी जी काही कुस्ती शिकलो ती त्याच्या अंगावर. दहा वर्षं रोज पहाटे तो माझ्याशी झुंजला. त्याची स्वतःची कुस्ती मात्र वस्तादांनी कधी मोठ्या मैदानात लावली नाही. "आदगोंडा तयार करायला हाय," म्हणायचे. त्याला काय वाटायचं हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या वयात मला माझ्याखेरीज दुसरा पैलवान दिसतच नव्हता, हे कबूल करतो.

तर मुखवटा होता मॅकचा. मॅक हा ऑस्ट्रेलियाचा उंचापुरा गोरा, स्वभावानं गाय. पण अंगभर काळा तंग पोशाख आणि डोक्यावर हा मुखवटा चढवला की तो ‘काळा सैतान’ व्हायचा आणि गावोगावी बायका किंचाळायच्या. मी ‘कोल्हापूरचा महाराजा’. काचेचे मणी लावलेला अंगरखा घालून मी हे नाव कोल्हापुरात सांगितलं असतं तर लोकांनी मला पंचगंगेत बुचकळून काढलं असतं. शेवटच्या खेळात मी सैतानाला चीत करायचं, त्याचा मुखवटा ओढून काढायचा, आणि सगळ्यांनी घरी जायचं, असं ठरलं होतं. माझी पाठ कोरीच राहणार होती.

"मुखवटा त्याच्या गालांवर चढेना," मॅनेजर म्हणाले. "डॉक्टर म्हणतात दहा दिवस उठायचं नाही. आणि आज चारचा खेळ आहे, बाकीच्या सगळ्या पैलवानांच्या जोड्या लागलेल्या आहेत."

"रद्द करा," मी म्हणालो.

"रद्द? पाच हजार माणूस येतंय. आपली परतीची तिकिटं ओंग शेठच्या तिजोरीत आहेत आणि खेळ झाल्यावरच तो ती देणार." ओंग शेठ म्हणजे त्या खेळाच्या मांडवाचा चिनी मालक. "अरे, सोलापूरच्या मुक्कामात आमचा सिंह आजारी पडला, तेव्हा मी सिंहिणीला आयाळ बांधून खेळ केला. कुणाला कळलं नाही. सिंहिणीलासुद्धा नाही."

आण्णानं पातेलं उतरवलं. "एका तालमीची माणसं मैदानात एकमेकाशी लढत न्हाईत, मॅनेजर. आमच्यात चालत न्हाई."

"तू आदगोंडा नाहीसच मुळी. तू सैतान आहेस."

"मग सैतानाला पाडू आन् जाऊ घरला," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला तोवर ही अडचण फार मोठी वाटत नव्हती.

मॅनेजरांनी मुखवटा उचलून माझ्यापुढं धरला. "पाडून मुखवटा काढलास की आत कोण दिसेल?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आण्णाला अख्खं पिनांग ओळखत होतं. रोज सकाळी तो बाजारात जाऊन मुरुगेसन नावाच्या तमिळ गवळ्याशी दुधातल्या पाण्यावरून भांडायचा. हा मराठीत, तो तमिळमध्ये, आणि भोवती शंभर माणसं. सैतानाच्या मुखवट्यातून महाराजाचा आचारी निघाला असता, तर लोकांनी मांडवच पेटवला असता. जाहिरातीवर छापलं होतं, ‘पाठ टेकेपर्यंत लढत. सैतान हरला तर मुखवटा उतरणार.’ म्हणजे सैतानानं हरायचं नव्हतं.

"भिवा, आज तुला पडावं लागेल," मॅनेजर हळूच म्हणाले.

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं बोलणं संपल्यावर आण्णानं फक्त एवढंच विचारलं, "आमची जोड किती वाजता?"

"सहाला."

"दिवस सातला मावळतोय. त्येच्या आत संपवा. मला जेवायचं हाय."

दुपारी त्यानं माझं मालिश केलं, रोजच्यासारखंच. मी पालथा पडून विचारलं, "आण्णा, वस्तादास्नी काय सांगायचं?"

"खरं सांगायचं."

"म्हंजे मी भाईर."

"बघू." त्याचा अंगठा माझ्या पाठीच्या कण्यावरून खाली सरकला. "तिकिटं न्हाई मिळाली तर तालीम तरी कुठली दिसतीया? पड आज."

"पडतो," मी म्हणालो.

पोशाख चढवताना गंमत झाली. मॅक ताडासारखा, आण्णा दुधातुपाचा. मॅनेजरांनी सर्कशीतल्या सुईदोऱ्यानं बगलांत दोन पट्ट्या घातल्या तेव्हा कुठं आण्णा त्यात मावला, पण आडवा ताणल्यामुळं खाली पोशाख घोट्याच्या वरच संपत होता आणि मॅकचे बूट त्याच्या पायांत शिरेनात. मॅनेजर डगमगले नाहीत. बूटपॉलिशची अख्खी डबी त्यांनी आण्णाच्या भेगाळलेल्या पावलांना फासली. "सैतान अनवाणीच असतो," म्हणाले.

सहाला आम्ही चौथऱ्यावर चढलो. वर पत्र्याचं छप्पर, चारी बाजू उघड्या, आणि खाली चिनी, मलायी, तमिळ, पंजाबी अशी पाच हजार माणसं. पहिल्याच रांगेत मुरुगेसन आपल्या भावकीसह. माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या पडल्या. सैतानाचं नाव पुकारल्यावर अशी हुर्यो उठली की पत्रे वाजले.

आणि तेवढ्यात मी घोटाळा केला.

दहा वर्षांची सवय. तालमीत आखाड्यात उतरलं की थोरल्या गुरुभावाच्या पायाला हात लावायचा आणि मग खडाखडी. समोर आण्णाची ती पावलं दिसली आणि माझी कंबर आपोआप वाकली. दोन्ही हात त्याच्या पायांना लावून मी ते कपाळाला लावले. त्याचीही सवय तीच. पाठीवर थाप मारून मुखवट्यातून तो मोठ्यानं म्हणाला, "औक्षवंत हो!"

पाच हजार माणसं एकदम चिडीचूप झाली. महाराजा सैतानाच्या पाया पडतो, सैतान त्याला आशीर्वाद देतो, आणि महाराजाच्या कपाळावर बूटपॉलिशचा हा एवढा काळा पट्टा. मुरुगेसन खुर्चीतून उठून उभाच राहिला. तो आवाज त्यानं महिनाभर रोज सकाळी ऐकला होता.

टेंबे मॅनेजरांच्या हातात भोंगा होता. त्या माणसाला मी त्या दिवसापासून मानतो. एक क्षणही न थांबता ते आधी हिंदुस्थानीत आणि मग इंग्रजीत गरजले, "सज्जनहो, पाहिलंत? महाराजानं सैतानाच्या पायाची काळी धूळ कपाळाला लावून शपथ घेतलीय! हिंदुस्थानात अशी शपथ घेतल्यावर दोघांपैकी एकच उभा राहतो!"

लोकांनी जी आरोळी ठोकली, ती बहुधा बंदरातल्या बोटींवर ऐकू गेली असेल.

मग आण्णानं शड्डू ठोकला. तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता. तालमीत रोजच्या झुंजीत कोण शड्डू ठोकतो? शड्डू मैदानात ठोकायचा, लोकांपुढं. पंचेचाळीस वर्षांच्या त्या माणसानं तो मांडीत नुसता जपून ठेवला होता.

आम्हां दोघांत ती ठरवलेली मारामारी जमणार नव्हती. मॅकबरोबर मी पडायचे, लोळायचे, खोट्या बुक्क्यांचे धडे घेतले होते. आण्णानं तेही नाही. त्यामुळं आम्ही जे येत होतं तेच केलं. मनगटाला मनगट भिडलं, मानेवर हात पडले आणि पिनांगच्या त्या गादीवर खरी कुस्ती सुरू झाली. मी पट काढला, त्यानं झटकला. त्यानं मला खाली घेतलं, मी निसटून वर आलो. पहिली पाच मिनिटं लोक ओरडत होते, "मार! मार!" मग ओरडणं कमी झालं. दहा मिनिटांनी कुणी बोलत नव्हतं. पंजाबी मंडळी तेवढी मधूनच "वाह" म्हणत होती. मुखवट्याच्या दोन भोकांतून आण्णाचे डोळे मला दिसत होते. तो हसत होता.

वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दोघांच्या अंगावरून घामाचे ओघळ चालले होते आणि त्यात आण्णाच्या पायांचं काळं माझ्या अंगभर झालं होतं. पश्चिमेकडून ऊन तिरपं आत शिरलं आणि थेट चौथऱ्यावर पडलं. आण्णानं माझी मान दाबून धरली आणि कानात कुजबुजला, "भिवा, दिवस मावळाय लागलाय."

"मग?"

"मग काय? जेवायचं हाय. पड आता."

मी होय म्हणून मान हलवली.

त्यानं ढाकेच्या डावाला हात घातला. पुढच्या क्षणी माझे पाय सुटले, मांडव उलटा झाला, आणि मला छपराचे पत्रे दिसले. त्या पत्र्यांत एक भोक होतं आणि त्यातून आभाळाचा लाल तुकडा दिसत होता. माझं आयुष्यातलं पहिलं आस्मान, रुपयाएवढं.

पाठ पुरती टेकली होती.

मग ज्या लोकांनी सैतानाला शिव्या घातल्या होत्या ते उठून उभे राहिले. पहिला मुरुगेसन उठला, मग त्याची भावकी, मग पंजाबी, मग सगळाच मांडव. आण्णा मधोमध उभा होता. हात वर करायचे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं चारी दिशांना वाकून नमस्कार केले. काळ्या सैतानाला हात जोडताना त्या लोकांनी प्रथमच पाहिलं असेल. मग त्यानं सूर्याकडं बघितलं, दोरखंडाखालून उडी टाकली आणि धूम पळाला.

मी कपडे करायच्या खोलीत पोचलो तेव्हा तो मुखवटा कपाळावर सारून भाकरी-तूप खात होता. शेवटचा घास त्यानं घेतला आणि बाहेर ऊन विझलं. "झालं," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मुरुगेसननं दूध आणून दिलं. त्यात पाण्याचा थेंब नव्हता, आणि आणताना त्यानं आण्णाला वाकून नमस्कार केला. भांडण मिटल्यामुळं आण्णा दिवसभर जरा उदास होता.

परतीच्या बोटीवर आठवडाभर माझ्या डोळ्यांपुढं तो उंबरा होता. तालमीत पोचलो तेव्हा सकाळची वेळ होती आणि वस्ताद दारातच उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

"पाठ?" त्यांनी विचारलं.

मी खाली उंबऱ्याकडं बघितलं. आण्णा मागून म्हणाला, "लागली."

"कुणी लावली?"

"म्या."

वस्तादांचा दाढी खाजवणारा हात थांबला. "मैदानात?"

"व्हय. मुखवटा घालून." आण्णानं सगळं सांगितलं, गालगुंड, तिकिटं, बूटपॉलिश, काही ठेवलं नाही. मग म्हणाला, "वस्ताद, तालमीतली पाठ मोजत न्हाईत. तुमीच शिकवलंय. म्या ह्येला हितं हजारदा पाडलाय, ह्येनं मला दोन हजारदा. त्येतलीच ही एक समजा. परक्यानं ह्येला हात लावल्याला न्हाई."

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही. "ही पाठ मोजायची न्हाई म्हंजे तुजी जीतबी मोजायची न्हाई, आदगोंडा."

"न्हाई मोजत."

"बघ हां. पुन्यांदा असं मैदान मिळायचं न्हाई."

"ठाव हाय की."

वस्ताद दारातून सरकले. "पाय धुवा आन् आत या," म्हणाले, आणि पाठ फिरवून डोळ्यांना पंचा लावला.

मी पुढं सात वर्षं लढलो आणि कुणी मला पाडलं नाही. मग मीच वस्ताद झालो. साठी झाली तेव्हा गावानं माझा सत्कार केला, शाल दिली आणि जाड कागदावर छापलेलं मानपत्र दिलं. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘ज्यांच्या पाठीनं कधी हार पाहिली नाही’. ते वाचून दाखवत होते तेव्हा माझी मान वर होईना. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस.

मी तसाच गाडी करून शिरोळकडं गेलो. आण्णा ऐंशीच्या पुढचा, ओसरीवर चौरंगासमोर बसला होता. चौरंगावर ताट, आणि चौरंग डुगडुगत होता. समोर उसाच्या तुऱ्यांवर ऊन उतरलं होतं.

मी मानपत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. "वाचा."

त्यानं डोळे बारीक करून वाचलं. "ब्येस हाय की."

"आण्णा, एक सांगायचं ऱ्हायलं. पिनांगला म्या पडतो म्हणालो आन् मान हलवली, ती खोटी. म्या आदीच ठरवलं हुतं, मांडव पेटला तरी पडायचं न्हाई. तुमी ढाकंला हात घातला तवा म्या तोड काढली. तुमीच शिकवल्याली. समदा जोर लावला. जमली न्हाई. तुमी मला खरंच पाडलं, आण्णा."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "ठाव हाय."

"कवापासनं?"

"तवापासनं. ठरवून पडणाराचं अंग सैल आसतंय. तुजं गुडगं थरथरत हुतं."

"मग वस्तादांपुढं का बोलला न्हाई? मोजत न्हाईत म्हणून का सांगितलं?"

त्यानं जरा वेळ भाकरी चावली. "लोकं किती हुती रं?"

"पाच हजार."

"उभी ऱ्हायली हुती न्हवं?"

"समदी. मुरुगेसन पैला."

"मग? मोजायचं काय ऱ्हायलं?"

आण्णानं घास उचलला तसा चौरंग पुन्हा डुगडुगला आणि आमटी सांडता सांडता राहिली. त्यानं खाली वाकून बघितलं, मग मानपत्राकडं बोट केलं.

"ह्यो कागूद तुला लागतोय?"

"न्हाई."

त्यानं मानपत्राची नीट चार पदरी घडी घातली, चौरंगाच्या आखूड पायाखाली सारली, आणि वरून दाबून बघितलं. चौरंग हलला नाही. मग आत वळून सुनेला दुसरं ताट आणायला सांगितलं.

"बस," तो मला म्हणाला. "जेव बिगीनं. दिवस मावळतोय."